यंत्र सगळ्यांचं, टपाल एकाचं

बारावीचा निकाल लागला की खामगावच्या बसस्टँडजवळच्या झेरॉक्सच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते. संग्रामपूर, जळगाव जामोद, नांदुरा, अशा घाटाखालच्या सगळ्या बाजूंनी पोरं-पोरी येतात. सोबत वडील किंवा मामा, हातात प्लास्टिकची फाईल, फाईलमध्ये टीसी, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला. अशाच एका दुकानात मी सातबाऱ्याची प्रिंट काढायला उभा होतो. दहा बाय दहाची जागा, एक झेरॉक्स मशीन, दोन कॉम्प्युटर. माझ्या पुढे एक मुलगी आणि तिचे वडील.

"मेल आयडी हाये का?" दुकानदारानं विचारलं.

"हाये ना भाऊ. मांगच्या वर्षी तुमीच काढून देल्ला होता."

"पासवर्ड?"

"तो तुमच्याच वहीत असन."

दुकानदारानं ड्रॉवरमधून दोनशे पानी वही काढली. पानावर उभ्या रेघा मारलेल्या: नाव, गाव, मेल आयडी, पासवर्ड. बोट खाली खाली सरकत गेलं आणि एका ओळीवर थांबलं. मुलीचं नाव, पुढे ॲटचं चिन्ह, पुढे एक दोन तीन. वरच्या ओळीतही तसंच. खालच्या ओळीतही तसंच. वडिलांच्या चेहऱ्यावर समाधान आलं. "झालं, सापडला," ते म्हणाले.

या वहीबद्दल मला सावकाश लिहायचं आहे. तो दुकानदार लबाड नव्हता. उलट गर्दीतही तो प्रत्येकाला नीट उत्तर देत होता आणि म्हाताऱ्या माणसाचा फॉर्म भरून झाला तर चहाही पाजत होता. पासवर्ड विसरून पोरांचा प्रवेश हुकू नये म्हणून त्यानं ती वही केली होती. पण त्या वहीत त्या वर्षी फॉर्म भरलेल्या कितीतरी मुलामुलींचं पुढचं सगळं आयुष्य उघडं पडलं होतं, आणि हे ना त्याच्या ध्यानात होतं, ना त्यांच्या.

आपल्याकडे मेल आयडी हा फॉर्ममधला एक रकाना समजला जातो. आधार नंबर, मोबाईल नंबर, मेल आयडी, टाकला की पुढचं पान उघडतं. मग तो कुणाला आठवतही नाही. पण प्रवेशाच्या फेरीची सूचना तिथं येते, भरतीचं हॉल तिकीट तिथं येतं, बँकेचं स्टेटमेंट तिथं येतं, नोकरी लागली तर ऑफर लेटरही तिथंच येतं. त्याहून मोठी गोष्ट अशी की बाकीच्या बहुतेक खात्यांचा पासवर्ड विसरला तर नवा करायची लिंक मेलवरच पाठवली जाते. घरातल्या सगळ्या किल्ल्या ज्या खुंटीला टांगलेल्या असतात, ती खुंटी म्हणजे मेल. ती दुसऱ्याच्या हातात असेल तर प्रत्येक कुलूप वेगळं घेऊन उपयोग नाही.

मुळात ईमेल जन्मला तोच अनेकांनी मिळून वापरायच्या संगणकावर. १९६१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था उभी केली. खोली भरेल एवढं यंत्र, आणि ते वापरणारे अनेक. यंत्र एकाचं थोडं काम करायचं, लगेच दुसऱ्याचं, लगेच तिसऱ्याचं, इतक्या झपाट्यानं की प्रत्येकाला वाटावं, हे यंत्र माझ्या एकट्याचंच आहे. पण सगळ्यांच्या फाईली त्याच एका यंत्रात राहणार होत्या. मग माझं कुठलं आणि तुझं कुठलं हे ठरायचं कसं? त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे पासवर्ड. पुढे १९६५ मध्ये टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी त्याच यंत्रावर चिठ्ठी ठेवायची सोय केली. ती चिठ्ठी कुठे प्रवासाला जात नव्हती. एकानं त्याच यंत्रात दुसऱ्याच्या नावानं ठेवायची, दुसऱ्यानं आला की वाचायची, एवढंच. एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर पत्र धाडणं आणि त्यासाठी ॲटचं चिन्ह वापरणं हे रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली केलं. म्हणजे यंत्र सगळ्यांचं आणि टपाल एकाचं, हा प्रश्न खामगावच्या दुकानात नव्यानं उभा राहिलेला नाही. ईमेलच्या आधी तो होता, आणि त्यातूनच पासवर्ड आला.

तो पासवर्ड फुटलाही तिथंच, आणि लवकर. १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला संगणकावर मिळणारा वेळ पुरत नव्हता. हवी ती फाईल छापून मिळण्यासाठी तिथं एक कार्ड भरून द्यावं लागे. शेरनं एका शुक्रवारी रात्री पासवर्डच्या फाईलचंच कार्ड टाकलं. शनिवारी भल्या सकाळी जाऊन छापील कागद उचलला, आणि दुसऱ्यांच्या नावावर काम करायला मोकळा झाला. त्यानंतर १९६६ मध्ये त्याहून विचित्र प्रकार घडला. संगणकावर काम सुरू करताना सगळ्यांना दिसणारी सूचना आणि पासवर्डची यादी, या दोन फाईलींची अदलाबदल झाली. जो कुणी आला त्याच्यासमोर सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड छापून आले. कुणी कुलूप तोडलं नव्हतं. दार उघडं राहिलं होतं.

दुकानातल्या किंवा क्लासमधल्या कॉम्प्युटरवर मेल दुसऱ्याच्या हाती लागतो तो बहुतेक वेळा असाच. कुठल्या तरी परदेशी हॅकरनं फोडलेला नसतो. आपण उठून गेलेलो असतो आणि दार उघडं असतं.

दार उघडं राहतं म्हणजे नक्की काय होतं? इथं जरा थांबतो, कारण हे एकदा समजलं की बाकीचं पाठ करावं लागत नाही. ब्राउझरमधून आपण मेल बघतो तेव्हा प्रत्येक क्लिकला पलीकडच्या यंत्राकडे नवी मागणी जाते. पलीकडचं यंत्र विसराळू असतं. मघाशी पासवर्ड दिला तो हाच माणूस, हे त्याच्या लक्षात राहत नाही. या विसराळूपणावर १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी उपाय काढला. पासवर्ड बरोबर निघाला की पलीकडचं यंत्र एक छोटी खूणचिठ्ठी देतं. ती चिठ्ठी आपल्या ब्राउझरमध्ये राहते आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर आपोआप दाखवली जाते. तिचं नाव कुकी.

शेगावला दर्शनाला जाताना चपला स्टँडवर ठेवल्या की बिल्ला मिळतो. परत आल्यावर स्टँडवरचा सेवेकरी तुमचं नाव विचारत नाही, गाव विचारत नाही. बिल्ला दाखवला की चपला हातात. तोच बिल्ला कुणी उचलून दाखवला तरी चपला त्याच्या हातात. कुकीचं नेमकं असंच आहे. साइन आउट करणं म्हणजे बिल्ला परत देणं. नुसतं वरचं फुलीचं बटण दाबून खिडकी बंद करणं म्हणजे बिल्ला तिथल्याच कट्ट्यावर ठेवून एसटी पकडणं. पुढच्या गिऱ्हाइकानं जीमेल उघडलं की ब्राउझर तो बिल्ला इमानेइतबारे दाखवतो आणि तुमचा इनबॉक्स समोर येतो. त्या गिऱ्हाइकानं काहीही चुकीचं केलेलं नसतं.

माझ्यासमोर एकदा असंच झालं. एका कॅफेत मी माझा मेल उघडायला बसलो तर कुणा अनोळखी माणसाचं खातं उघडं. सगळ्यात वर एका दवाखान्याचा रिपोर्ट, विषयाच्या ओळीत तपासणीचं नाव. मी तो उघडला नाही, पण नाव वाचलं गेलंच. डोळे मिटून घ्यायच्या आधी ते वाचलं जातं. मी साइन आउट केलं आणि कितीतरी वेळ माझा मेल उघडायचं मनच होईना. त्या माणसाच्या घरातही कदाचित ते नाव अजून कुणाला ठाऊक नसेल, आणि मला होतं.

साइन आउटचं बटण कुठे असतं हे क्लासमध्ये शिकवलं जातं, तरी हात तिकडे जात नाही. जीमेलमध्ये उजव्या कोपऱ्यात वर एक गोल असतो. त्यात तुमचा फोटो किंवा नावाचं पहिलं अक्षर असतं. त्यावर दाबलं की खाली साइन आउट दिसतं. पण तिथंच उठू नका. पुढच्या पानावर तुमचं नाव आणि मेलचा पत्ता तसाच दिसत राहतो. खाली 'रिमूव्ह ॲन अकाउंट' असतं. ते दाबून आपलं नाव त्या यंत्रावरून काढून टाकायचं. पासवर्ड टाकल्यावर कोपऱ्यात एक चौकट उगवते आणि हा पासवर्ड जपून ठेवू का, असं विचारते. घाईत बोट ठळक निळ्या बटणावर पडतं. तिथं 'नेव्हर' म्हणायचं. दुकानातल्या विंडोजला स्वतःचा पासवर्ड नसेल, आणि बहुतेक ठिकाणी तो नसतोच, तर ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड सेटिंगमध्ये जाऊन कुणालाही वाचता येतात.

यापेक्षा सोपी वाट म्हणजे खासगी खिडकी. क्रोम किंवा एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन ही तीन बटणं एकदम दाबा. फायरफॉक्समध्ये एनच्या जागी पी. काळसर रंगाची खिडकी उघडते. तिच्यात मिळालेला बिल्ला त्या खिडकीबरोबरच नष्ट होतो. अट एकच: अशा जितक्या खिडक्या उघडल्या तितक्या सगळ्या बंद करायच्या. एक जरी मागे राहिली तरी बिल्ला जिवंत असतो.

मात्र खासगी या शब्दावर जास्त भार टाकू नका. त्या खिडकीतून उतरवलेली पीडीएफ कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये तशीच राहते. मार्कशीट, आधार, जातीचा दाखला, सगळं. शिफ्ट दाबून डिलीट केलं तर फाईल रिसायकल बिनमध्येही थांबत नाही. आणि कीबोर्डवर दाबलेलं प्रत्येक अक्षर टिपणारा प्रोग्राम कुणी आधीच घालून ठेवला असेल, तर खासगी खिडकीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून ज्यांच्या हातात स्वतःचा मोबाईल आहे त्यांना माझं सांगणं असतं की दुकानात मेल उघडूच नका. आपल्या मोबाईलवर उघडा, हवी ती फाईल उतरवा आणि तेवढीच दुकानदाराला प्रिंटसाठी पाठवा. ती फाईलही त्याच्याकडे राहतेच, म्हणून चालत असेल तिथं आधारची अशी प्रत द्या जिच्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ती आधारच्या संकेतस्थळावरून उतरवता येते.

परगावी पोचल्यावर आठवलं की साइन आउट राहिलं, तरी दार लांबून बंद करता येतं. मोबाईलवर गूगल खात्यात सिक्युरिटी, तिथं 'युवर डिव्हायसेस'. आपलं खातं कुठल्या कुठल्या यंत्रावर उघडं आहे त्याची यादी दिसते. अनोळखी यंत्रावर बोट ठेवून तिथूनच साइन आउट करायचं आणि पासवर्ड बदलायचा. यानंतर एक गोष्ट बघायची राहते, ती फार थोडे लोक बघतात. जीमेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंग नावाचा भाग आहे. तिथं कुणी आपला पत्ता घालून ठेवला असेल तर तुमच्या प्रत्येक पत्राची नक्कल त्याला जात राहते. पासवर्ड दहा वेळा बदलला तरी ती जाते.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीनं वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ क कलमाखाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमतानं सांगितलं. सायबर कॅफेसाठी २०११ चे वेगळे नियम आहेत आणि ते वाचताना मला एका गोष्टीनं थांबवलं. त्यांत गिऱ्हाइकाचं ओळखपत्र पाहायचं, नोंदी किमान वर्षभर ठेवायच्या, असं आहे. त्याचबरोबर कप्प्याच्या भिंती साडेचार फुटांपेक्षा उंच नकोत आणि कप्प्याबाहेरच्या कॉम्प्युटरचे पडदे मोकळ्या जागेकडे तोंड करून हवेत, असंही आहे. कॅफेत गैरप्रकार होऊ नयेत म्हणून हे केलं आहे आणि कारण पटण्यासारखं आहे. पण त्याचा अर्थ असा की कॅफेचा पडदा येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावा, अशीच नियमाची अपेक्षा आहे. आडोसा गिऱ्हाइकानंच करायचा आहे.

आडोशाचा प्रश्न दुकानापुरता असता तर हे प्रकरण इथं संपलं असतं. पण सामायिक कॉम्प्युटर घरातही असतो. आणि घरात साइन आउट केलं तर विचारतात, "आमच्यापासून लपवायला काय आहे?"

याचं उत्तर मला जुन्या पत्रांत सापडतं. आपल्या देशात पोस्टकार्ड १८७९ च्या जुलैत आलं. ते पोस्टमन वाचायचा, ओसरीवर बसलेले वाचायचे, आणि त्यात कुणाला गैर वाटत नसे. २ ऑक्टोबर १९५० ला आंतरदेशीय पत्र आलं, निळं, घडी घालून चिकटवायचं. पण सासरी गेलेल्या मुलीला घडीचा उपयोग नव्हता. तिच्या नावाचं पत्र घरातला कर्ता माणूस फोडायचा आणि तिनं लिहिलेलं टाकण्याआधी कुणीतरी वाचायचं. म्हणून तिची पत्रं सगळी सारखीच असत. मी इथं सुखी आहे, काळजी करू नये, आईच्या गुडघ्याला बरं आहे का. आई ती पत्रं वाचायची आणि काय लिहिलेलं नाही ते ओळखायची. पत्र वाचलं जाणार हे ठाऊक असलं की माणूस पत्रात खरं लिहीतच नाही, मग त्यात लपवण्यासारखं काही असो वा नसो.

आता तीच मुलगी लग्नानंतर पुन्हा शिकायला प्रवेश घेते, स्पर्धा परीक्षेचा अर्ज भरते, एखाद्या संस्थेला मदतीसाठी मेल लिहिते. तो मेल भावाच्या किंवा नवऱ्याच्या लॅपटॉपवर कायमचा उघडा असेल, तर ती पुन्हा ओसरीवर वाचल्या जाणाऱ्या कार्डावरच लिहिते आहे. घरच्या कॉम्प्युटरवर प्रत्येकाचं वेगळं विंडोज खातं करायला पाच मिनिटं लागतात. प्रत्येकाला आपला पासवर्ड, उठताना विंडोजचं बटण आणि एल दाबायचं, पडदा बंद. क्रोममध्ये प्रत्येकाच्या नावाची वेगवेगळी चित्रं करून ठेवतात ती वेगळी. त्यांना कुलूप नसतं, कुणीही त्यावर दाबून आत जातं. घरात प्रत्येकाच्या कपाटाला किल्ली असते आणि त्यावरून कुणी कुणावर संशय घेत नाही. मेलच्या किल्लीकडेही घरानं तसंच पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

आता पुन्हा त्या वहीकडे. मुलीचा फॉर्म भरून झाल्यावर मी मध्ये बोललो. ओळख ना पाळख, तरी बोललो. विचारलं, ताई, या मेलला मोबाईल नंबर कुणाचा लावला आहे? तिला ठाऊक नव्हतं. दुकानदारानं पाहिलं. त्याचाच होता. खातं उघडलं त्या दिवशी ओटीपी हवा होता, मुलीकडे मोबाईल नव्हता, म्हणून त्यानं स्वतःचा टाकला होता. याचा अर्थ असा की तिनं पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी 'फरगॉट पासवर्ड' दाबलं की ओटीपी त्याच्या खिशात वाजणार. पुढे त्यानं नंबर सोडला आणि तो कंपनीनं दुसऱ्याला दिला, तर किल्ली कुणा भलत्याच माणसाकडे जाणार. आणि फॉर्मपुरता काढलेला मेल दोन वर्षं कुणी उघडलाच नाही तर, डिसेंबर २०२३ पासूनच्या गूगलच्या धोरणाप्रमाणे, तो खात्यासकट पुसला जाऊ शकतो.

दुकानदाराला वाईट वाटलं, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "मंग बदलून टाकू ना आत्ताच," तो म्हणाला. मागे रांग होती, तरी त्यानं खुर्ची सोडली आणि मुलीला बसवलं. तिच्याकडे आता स्वतःचा मोबाईल होता, वडिलांच्या नावावरच्या सिमचा पण तिच्याच हातातला. रिकव्हरीच्या जागी तिनं तो नंबर टाकला, ओटीपी स्वतः वाचला, स्वतः भरला. टू-स्टेप व्हेरिफिकेशन सुरू केलं, म्हणजे पासवर्ड कुणाला कळला तरी तिच्या मोबाईलवर होकार दिल्याशिवाय खातं उघडणार नाही. यंत्रांची यादी उघडली तर तिच्यात दोन कॉम्प्युटर दिसले, दोन्ही या दुकानातले. जुन्या वर्षाच्या फॉर्मपासून एकावर खातं उघडंच होतं. तिनं तो काढला. दुकानदारानं वही उघडून तिची ओळ पेनानं गिरवून गिरवून काळी केली.

मग नवा पासवर्ड टाकायची वेळ आली. ती कीबोर्डवर हात ठेवून थांबली. तिनं वडिलांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, दुकानदाराकडे पाहिलं.

"भाऊ," ती म्हणाली, "जराक तिकडे पाहा बरं."

आम्ही तिघंही रस्त्याकडे तोंड करून उभे राहिलो.